मेंढा (लेखा): लोकसहभागाआधी अधिकाराचा प्रश्न

ग्रामविकासाच्या कुठल्याही योजनेत ‘लोकसहभाग’ हा रकाना असतोच. तो कसा भरतात हेही सगळ्यांना माहीत आहे: श्रमदानाचे दिवस, लोकवर्गणीची टक्केवारी, सभेच्या नोंदवहीतल्या सह्या आणि अंगठे. काम कोणते, ते कुठे करायचे, पैसा कोणाच्या खात्यातून जाणार, हे बहुधा आधीच ठरलेले असते. पुढे चार पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो, तो उपसायला कोणी फिरकत नाही आणि अहवालात ‘ग्रामस्थ उदासीन’ असा शेरा पडतो.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाचे प्रकरण या शेऱ्याला उलटे उत्तर देते, म्हणून ते तपशिलात पाहण्यासारखे आहे. लेखा गट ग्रामपंचायतीत येत असल्याने गाव मेंढा (लेखा) म्हणून ओळखले जाते. वस्ती पाचशेच्या आसपास, सगळे गोंड. शेती थोडी आणि पावसावरची. भोवताली सुमारे 1,800 हेक्टर जंगल. बांबू, मोह, तेंदू, हिरडा, मध, लाकूडफाटा, सगळे तिथूनच येते. गाव टिकायचे तर जंगल टिकायला हवे, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. अडचण वेगळीच होती: ज्या जंगलावर गाव जगते, त्याबद्दल काही ठरवायचा अधिकार गावाला नव्हता.

आधीचा संघर्ष

हा भाग जुन्या मध्य प्रांतातला. जमीनदारी गेली तेव्हा जंगल सरकारकडे आले आणि गावकऱ्यांच्या वापराचे हक्क निस्तार म्हणून कागदावर राहिले. प्रत्यक्षात त्या हक्कांचा अर्थ वनखात्याचा कर्मचारी लावील तसा होई. बांबू कागद कारखान्याला कंत्राटाने जाई; गावाच्या वाट्याला तोडीची मजुरी येई आणि तोडीनंतर उघडे पडलेले जंगल राही.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम ही दोन मोठी धरणे प्रस्तावित होती. त्यांच्या बुडीत क्षेत्रात मोठे जंगल आणि आदिवासी गावे जाणार होती. आदिवासी नेते लालश्याम शहा, बाबा आमटे आदींच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले, जिल्हाभरचे आदिवासी रस्त्यावर उतरले आणि धरणे मागे पडली. त्या आंदोलनात मेंढ्याचे लोक होते, पुढे गावाचा चेहरा बनलेले देवाजी तोफाही होते.

आंदोलन जिंकल्यावर कार्यकर्ते पांगतात आणि गावे पुन्हा पूर्ववत होतात, असा नेहमीचा अनुभव. मेंढ्यात तसे झाले नाही, कारण धरण नको हे ठरल्यावर ‘मग काय हवे’ हा प्रश्न गावाने सोडला नाही. त्याच सुमारास ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल लोक आणि जंगल यांच्या नात्याचा अभ्यास करण्याच्या निमित्ताने गावाशी जोडले गेले. त्यांच्याकडे योजना नव्हती आणि निधीही नव्हता. माझ्या मते ही उणीव गावाच्या पथ्यावर पडली. निधी घेऊन येणाऱ्याला मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो. अभ्यासासाठी आलेल्याला थांबायला वेळ असतो.

घोटुलाचा प्रसंग याच काळातला. घोटुल हे गोंड गावातले तरुणांचे, आणि एका अर्थाने सगळ्या गावाचे, एकत्र येण्याचे ठिकाण. मेंढ्यात ते मोडकळीला आले होते. गावाने ते पुन्हा उभारायचे ठरवले आणि त्यासाठी जंगलातून लाकूड आणले. वनखात्याने कारवाई करून घोटुल पाडले. आजूबाजूच्या गावांनीही मग आपापल्या गावात घोटुल उभारायला घेतले. एका गावावर कारवाई करता येते. अनेक गावांवर एकाच वेळी करणे अवघड जाते. घोटुल उभे राहिले. गावाने यातून जो धडा घेतला तो पुढच्या सगळ्या निर्णयांत दिसतो: परवानगी मिळेपर्यंत वाट पाहायची नाही, पण जे करायचे ते सगळ्यांच्या संमतीने आणि उघडपणे करायचे.

अभ्यास गट आणि सर्वसहमती

मेंढ्याची घोषणा महाराष्ट्रभर गाजली: ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. घोषणा बाहेर गेली, तिच्यामागची यंत्रणा मात्र फारशी गेली नाही. या प्रकरणाचा गाभा त्या यंत्रणेत आहे.

तिचे दोन भाग. पहिला, ग्रामसभा. ही ग्रामपंचायतीची कायदेशीर ग्रामसभा नव्हे. गट ग्रामपंचायतीत अनेक गावे एकत्र असतात. तिची सभा भरली की लांबची माणसे येत नाहीत आणि आलेली बोलत नाहीत. मेंढ्याने आपल्या एका गावापुरती सभा भरवायला सुरुवात केली, कायद्याने तिला मान्यता देण्याच्या कितीतरी आधी. प्रत्येक घरातून किमान एक पुरुष आणि एक स्त्री यावी असा दंडक ठेवला. निर्णय बहुमताने होत नाहीत. एकाही घराचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेत जातो, गरज पडली तर त्याच्याही पुढच्या सभेत.

दुसरा भाग, अभ्यास गट. ग्रामसभेत निर्णय होतो, अभ्यास गटात होत नाही. एखादा विषय समजून घ्यायचा असलेली चार-दहा माणसे बसतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, कायद्याचे कलम वाचतात, जंगलात जाऊन पाहतात. वनहक्क, निस्तार नोंदी, मधमाश्या, दारू, कर्ज, सगळ्यावर असे गट बसले. गटात कोणीही येऊ शकतो आणि तिथे कोणाला काही ठरवायची घाई नसते. जाणकाराने माहिती द्यायची. मत मागितले तर तेही द्यायचे. पण निर्णयाच्या सभेत त्याचा वाटा नाही.

ही विभागणी दिसते त्याहून फार महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या बहुतेक ग्रामसभांत माहिती, वाद आणि निर्णय एकाच बैठकीत उरकले जातात. ज्याला माहिती आधीपासून असते तोच बोलतो, म्हणजे सरपंच, ग्रामसेवक, कंत्राटदार आणि दोन-तीन पुढारी. बाकीचे मान डोलावतात आणि घरी जाऊन नापसंती व्यक्त करतात. अभ्यास आधी वेगळा झाला तर सभेत येणाऱ्या बाईलाही कळते की विषय काय आहे आणि आपले त्यात काय जाते.

सर्वसहमतीवर नेहमीचा आक्षेप असा की तिने काम रखडते. रखडते, हे खरे. दारूबंदीचा विषय बायकांनी काढला आणि त्यावर बराच काळ चर्चा चालली, कारण गोंडांच्या पूजेत मोहाच्या दारूला स्थान आहे आणि ती सरसकट बंद करणे ज्येष्ठांना मान्य नव्हते. शेवटी पूजेपुरती सूट ठेवून बंदी ठरली. बहुमताने हा ठराव एका सभेत झाला असता आणि आठवड्यात मोडला असता. ठरायला लागलेला वेळ अंमलबजावणीत वसूल होतो: सगळ्यांनी होकार दिलेला असल्याने पहारा ठेवायला वेगळी माणसे लागत नाहीत. अर्थात संमतीच्या नावाखाली दबावही असू शकतो. लहान गावात एकट्याने नाही म्हणत राहणे सोपे नसते. मेंढ्याची पद्धत या धोक्यातून पूर्ण सुटलेली आहे असा दावा मी करणार नाही. मात्र विषय पुन्हा पुन्हा सभेत येत राहिल्याने विरोध करणाऱ्याला बोलायला एकापेक्षा जास्त संधी मिळतात, एवढे नक्की.

ग्रामसभेचा आणखी एक नियम: बाहेरच्या कोणालाही, मग तो अधिकारी असो, संशोधक असो की संस्था, गावात किंवा गावाच्या जंगलात काम करायचे असेल तर आधी ग्रामसभेसमोर येऊन हेतू सांगावा लागतो. 1990 च्या दशकात वनखात्याशी संयुक्त वनव्यवस्थापनाचा, म्हणजे खाते आणि गाव यांनी मिळून जंगल राखण्याचा, करार झाला तेव्हाही गावाने हीच रीत पाळायला लावली. तो कार्यक्रम मूळचा उजाड, ऱ्हास झालेल्या वनांसाठी होता. मेंढ्याचे म्हणणे असे की आमचे जंगल चांगले आहे, ते राखायला आम्हाला आधी उजाड व्हावे लागेल का? पाठपुरावा करून गावाने उभ्या जंगलासाठी हा कार्यक्रम मिळवला.

मजुरीचा काही हिस्सा ग्रामसभेच्या निधीत देण्याची पद्धतही इथे आहे. गावाचा स्वतःचा पैसा असल्याने कोणाच्या औषधपाण्यापासून कोर्टकचेरीपर्यंतच्या गरजांसाठी दुसऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. शिवाय निधी सगळ्यांच्या घामाचा असल्यामुळे हिशेब ऐकायला लोक स्वतःहून येतात.

कायदा आला तेव्हा

1996 चा पेसा कायदा (आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा) आणि 2006 चा वनहक्क कायदा, या दोन्हींनी ग्रामसभेला पाडा-टोल्याच्या पातळीवर मान्यता दिली. दुसऱ्या कायद्यात वैयक्तिक शेतजमिनीच्या हक्काबरोबर सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्कही आहे. देशभर बहुतेक ठिकाणी दावे वैयक्तिक पट्ट्यांचेच झाले, कारण माणसाला आपली दोन एकर दिसते. 1,800 हेक्टर कोणाचे म्हणायचे? मेंढ्यात प्रश्न उलटा होता. सामूहिक हक्काची भाषा गाव कायद्याच्या आधी वीस वर्षे बोलत होते. दाव्यासाठी लागणारे पुरावे, सीमा, निस्तार नोंदी अभ्यास गटांनी आधीच चाळलेल्या होत्या. 2009 मध्ये मेंढा आणि त्याच भागातले मर्दा, या दोन गावांना सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या हक्कांत त्यांची गणना होते.

‘शासनाने चांगला कायदा केला आणि गाव सुधारले’ असे इथे म्हणता येत नाही. हाच कायदा शेजारच्या शेकडो गावांनाही लागू होता. ज्या गावात निर्णय घेण्याची सवय होती तिथे कायद्याचा उपयोग पहिल्या दिवसापासून झाला. बाकी ठिकाणी दावा कोणीतरी भरून द्यावा लागला.

हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना. वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, म्हटले आहे, पण 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या आधाराने वनखाते त्याला झाड धरत होते. तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो देणारे खातेच देत नव्हते. म्हणजे मालकी गावाची, पण मालाच्या वाहतुकीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. गावाने भांडण चालू ठेवले. मार्च 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबू गौण वनोपज मानावा असे मुख्यमंत्र्यांना कळवले आणि 27 एप्रिल 2011 रोजी ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यात आले. त्या दिवशी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पुढच्या वर्षी वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन वनोपजाच्या वाहतूक परवान्याची व्यवस्था ग्रामसभेकडे आली.

सहभागाची खरी परीक्षा इथून सुरू झाली. आंदोलन करणे आणि व्यापार करणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. बांबू कोणता तोडायचा (कोवळे कोंब आणि बेटाला आधार देणाऱ्या काठ्या ठेवायच्या असतात), मजुरी किती, निविदा कशी काढायची, व्यापाऱ्याने हप्ता थकवला तर काय, पॅन क्रमांक कोणाच्या नावाने, उगमाशी कापलेला कर (टीडीएस) परत कसा मिळवायचा, असे प्रश्न ग्रामसभेपुढे येऊ लागले. उत्पन्न कोटीच्या पल्ल्यात गेले आणि त्याचा हिशेब ज्यांनी आयुष्यात बँकेचे चलन भरले नव्हते अशा लोकांनी सांभाळायचा होता. रोजगार हमीची अंमलबजावणीही ग्रामसभेने स्वतःकडे घेतली, म्हणजे हजेरीपटही गावातच आला. लोकसहभागाच्या प्रशिक्षणात गटचर्चा आणि खेळ घेतात. लेखापुस्तक वाचायला कोणी शिकवत नाही. गावाच्या हातात खरा पैसा येतो तेव्हा नेमके तेच अडते.

ग्रामदान

2013 मध्ये गावाने आणखी एक पाऊल टाकले. विनोबांच्या चळवळीतून आलेला महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम 1964 पासून कायद्याच्या पुस्तकात होता, पण नव्याने तो वापरायला फारसे कोणी पुढे येत नव्हते. मेंढ्याच्या जमीनमालकांनी आपली शेतजमीन ग्रामसभेच्या मालकीची करायचे ठरवले. यात जमीन कसण्याचा आणि वारसांना देण्याचा हक्क कुटुंबाकडेच राहतो. परक्याला विकण्याचा मार्ग मात्र बंद होतो. जमिनीचा छोटा हिस्सा भूमिहीनांसाठी निघतो.

याचे कारण भावनिक कमी आणि व्यावहारिक जास्त होते. जंगल सामूहिक झाले, पण शेते सुटी राहिली तर एकेक करून ती बाहेरच्यांच्या हाती जाऊ शकतात, आणि मग ग्रामसभेत बसणारे लोक बदलतात. सर्वसहमतीवर चालणाऱ्या गावाला हा धोका बहुमतावर चालणाऱ्या गावापेक्षा कितीतरी मोठा. कागदोपत्री अंमलबजावणी मात्र सरळ झाली नाही आणि ग्रामदानी गाव म्हणून मिळणाऱ्या अधिकारांसाठी गावाला न्यायालयापर्यंत जावे लागले. जमीन देऊन टाकण्याच्या निर्णयालाही प्रशासनाकडून इतकी प्रतीक्षा करावी लागावी, यावर वेगळे भाष्य नको.

दुसऱ्या गावाला यातून काय नेता येईल

मेंढ्याची नक्कल होत नाही, आणि ज्यांनी शिबिरे घेऊन ती करू पाहिली त्यांना हे कळून चुकले असेल. गाव लहान आहे, एकाच समाजाचे आहे, जमिनीच्या मालकीत फार मोठी दरी नाही. पाच हजार वस्तीच्या, आठ जातींच्या, दोन साखर कारखान्यांच्या राजकारणात विभागलेल्या गावात सर्वसहमतीचा आग्रह धरला तर जो आज दबलेला आहे तो आणखी दबेल. तिथे नकाराधिकार बागायतदाराला मिळेल, भूमिहीनाला नव्हे. म्हणून सर्वसहमतीपेक्षा मला घटकाचा आकार आणि अभ्यासाची सवय या दोन गोष्टी जास्त नेण्यासारख्या वाटतात. मोठ्या गावातही पाणलोटाचा एक ओहोळ, एक वस्ती, एका विहिरीवरचे शेतकरी असा छोटा घटक सापडतो. त्या घटकाच्या हातात एक खरा निर्णय आणि त्यापुरता खरा पैसा द्यावा. निर्णय खरा आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे: लोकांनी नाही म्हटले तर काम थांबते का? थांबत नसेल तर त्याला विचारपूस म्हणावे, सहभाग म्हणू नये.

बाहेरून येणाऱ्या कार्यकर्त्यासाठी यात एक गैरसोयीची गोष्ट आहे. माहिती आणायची, पण निर्णयात बसायचे नाही, ही शिस्त पाळायला अवघड जाते, विशेषतः लोक आपल्या मते चुकीच्या दिशेने निघाले असताना. देणगीदाराला दाखवण्यासारखे काही वर्षानुवर्षे घडत नाही. म्हणूनच बहुधा मेंढ्यासारख्या कामाला प्रकल्पाचे रूप देता येत नाही. तीन वर्षांच्या चौकटीत ते बसतच नाही.

गडचिरोलीत मात्र त्याचा प्रसार झाला, आणि तो नक्कल करून झाला नाही. जिल्ह्यात आज हजाराहून अधिक ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत. बऱ्याच ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा बनवली, कारण एकट्या गावाला व्यापारी भाव पाडून मागतो, पण अनेक गावे एकत्र विकायला बसली तर तो जपून बोलतो. त्या ग्रामसभांपैकी सगळ्याच नीट चालतात असे नाही. काही ठिकाणी हिशेब दोन-तीन माणसांकडे अडकले, काही ठिकाणी व्यापाऱ्यांनी पैसे थकवले.

मेंढ्यापुढचे प्रश्नही संपलेले नाहीत. बांबूच्या बेटांना एकदा फुलोरा आला की मोठ्या पट्ट्यातला बांबू एकाच काळात वाळतो आणि पुन्हा तोडण्याजोगा व्हायला वर्षे जातात. एका उपजावर उभ्या राहिलेल्या उत्पन्नाला त्या काळासाठी दुसरा आधार लागेल. ज्यांनी घोटुलाची लढाई पाहिली ती पिढी आता म्हातारी झाली आहे. ज्यांना अधिकार जन्मतःच मिळाला, त्या शिकलेल्या मुलांना महिन्यातून अनेकदा रात्री सभेला बसणे आवश्यक वाटेल का, आणि वाटावे म्हणून अभ्यास गटांत पुढे कोणते विषय घ्यायचे, हे गावाला ठरवायचे आहे.